न सापडणारा सांधा

थर्झाचे गाल वयाच्या आधीच सैल पडले होते. चौकातले लोक तिला मागून बेडकी म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. नळावर कुणी फारच हसलं तर ती बादली खाली ठेवायची, गाल टम्म फुगवून डोळे वटारायची, आणि हसणारीच ओशाळून घराकडे वळायची.

ती माझ्या धाकट्या भावाची, रूबेन टाँक्सची बायको. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी नुकतीच विधवा होऊन माहेरी परतले होते, त्यामुळे एका चुलीभोवती आई, थर्झा आणि मी अशा तिघी झालो. पहिल्या रविवारी आईनं तिच्या पुडिंगला नावं ठेवली. दुसऱ्या रविवारी थर्झानं पुडिंग केलंच नाही, आणि आज नावं ठेवायला काही नाही, तुम्हीच करा, असं आईला अगदी गोड आवाजात सांगितलं. तेव्हाच मी ओळखलं की या बाईशी आपलं जमणार.

आज तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली लंडनपर्यंत पोचल्या आहेत. मी सांगते आहे ते त्याच्या आधीचं, तिचं नाव आमच्या चौकाबाहेर कुणाला माहीत नव्हतं तेव्हाचं.

गाल सैल पडले ते फुंकणीनं. बर्मिंगहॅमच्या आमच्या हॉक्ली भागात घरटी एक माणूस दागिन्यांच्या कामात होतं, पण अख्खा दागिना कुणीच करत नसे. एकजण ठसा कापी, दुसरा पत्रा दाबी, तिसरी डाख लावी, चौथी जिल्हई करी, आणि माझ्यासारखी पाचवी तो पुठ्ठ्यावर टाचून डब्यात भरी. सगळं मिळून काय झालं ते आम्हाला दुकानाच्या काचेतून कळायचं.

थर्झा साखळीवाली. शाळा सुटली आणि ती कारखान्यात मिसेस हिपकिसच्या बाकावर जाऊन बसली. चांदीची तार सळईवर गुंडाळायची, करवतीनं कापून कड्या सुट्या करायच्या, एक कडी दुसरीत ओवून तिचं तोंड मिटवायचं, टाकणखार लावायचा, डाखेचा कण ठेवायचा आणि फुंकणीनं गॅसची ज्योत नेमकी त्या कणावर वळवायची. फुंकर तुटली तर डाख अर्धीच वितळते. जोरात बसली तर कडीच वितळून तिचा मणी होतो. म्हणून या बायका श्वास नाकानं घेत आणि गालातली हवा संपू देत नसत. तोंड असं अडकलेलं, त्यामुळे त्या बाकावरची सगळी भांडणं भुवयांनी व्हायची, असं थर्झा सांगायची.

त्या बाकाची एक रीत होती. नवी मुलगी शिकून तयार झाली की तिनं हातभर साखळी करून मिसेस हिपकिसच्या पुढ्यात ठेवायची. मिसेस हिपकिस डोळे मिटून ती साखळी अंगठ्याच्या नखाखालून सावकाश ओढायच्या. कडी जिथे जोडलेली असते तिथे नख अडतं. अडलं की साखळी परत वितळवायला. सगळी साखळी संपली आणि नख कुठेच अडलं नाही, तर त्या डोळे न उघडता विचारायच्या, “सांधा कुठंय गं?” मुलीनं एकच शब्द बोलायचा, “शोधा.” मग सगळा बाक लाकडावर चिमटे ठोकायचा. त्या दिवसापासून ती मुलगी कारागीर.

हा शब्द म्हणायला मिळाला तेव्हा थर्झा बाकावरची सगळ्यात लहान मुलगी होती. रूबेन तिला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेला तेव्हा तिनं त्याला हेच सांगितलं म्हणे, कालव्याच्या काठानं चालता चालता, आणि रूबेन घरी येऊन मला म्हणाला की पोरगी जरा गर्विष्ठ वाटते. पुढच्या रविवारी पुन्हा तिलाच फिरायला घेऊन गेला.

रूबेन त्याच कारखान्यात यंत्रं बसवायचं काम करी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत मालकांनी साखळीचं यंत्र आणलं. ते जोडायचं, तेलपाणी करायचं, चालतं करायचं काम रूबेनकडे आलं, आणि त्यानं ते चोख केलं. एका बाजूनं तार आत जायची, दुसऱ्या बाजूनं साखळी बाहेर पडायची. मिसेस हिपकिसचा बाक उठला. कुणी पिनांच्या कारखान्यात गेल्या, कुणी पेनाच्या निबांच्या. मिसेस हिपकिस लेकीकडे राहायला गेल्या. थर्झाला घरी काम मिळालं. यंत्रानं उघड्या टाकलेल्या कड्या शोधायच्या आणि मिटवून द्यायच्या. नवऱ्याच्या यंत्राची उष्टी काढते बिचारी, असं आई म्हणाली. एकदाच म्हणाली, कारण थर्झानं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

माझा भाऊ वाईट माणूस नव्हता. त्या दोघांना मूल नव्हतं आणि यंत्रावर त्याची माया बसली होती. आमची साखळी आणि हातची साखळी शेजारी ठेवा, खुद्द देवालाही ओळखता यायची नाही, असं तो पबमध्ये सगळ्यांना सांगे. थर्झाला ते चौकातून कळायचं. घरी ती नुसती नाकानं श्वास घेत राहायची, फुंकणी तोंडात असल्यासारखी.

त्याच सुमाराला शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांना यंत्रांचा वीट आला. आम्हाला याचं नवल वाटलं, कारण यंत्रापाशी उभं राहायची वेळ त्यांच्यातल्या कुणावर आली नव्हती. त्यांनी एक मंडळ काढलं. ठशातून पडलेला दागिना मेलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. दागिना ज्याच्या मनात आला त्याच्याच हातानं पुरा व्हावा. हिऱ्यामाणकांची ऐट नको, चांदी आणि साधे खडे चालतील, पण माणसाचा हात त्यात दिसला पाहिजे. मला, पुठ्ठ्यावर दागिने टाचणारीला, हे ऐकून हसू आलं. मात्र ते डोक्यातून जाईना, हेही खरं.

या मंडळातल्या मिस ऑल्डरसन एजबॅस्टनच्या मोठ्या घरातून यायच्या आणि रविवारी आमच्या चॅपलमध्ये मुलींना शिकवायच्या. एका रविवारी त्यांच्या अंगरख्याची चांदीची चाप तुटली. थर्झा म्हणाली, द्या, जोडून आणते. घरी आणून जोडली, आणि उजेडात धरून पाहते तर तिच्यावर सगळीकडे हातोडीचे पोचे. जिल्हईचा पत्ता नाही. भोळ्या बाईच्या गळ्यात कुणीतरी अर्धवट काम मारलंय, असं म्हणून ती कानस घेऊन बसली. तिनं एकेक पोचा घासून काढला, मग चाप आरशासारखी चमकवली. रूबेननंही खुर्ची ओढून पाहिलं आणि एक राहिलेला पोचा दाखवला. किती दिवसांनी त्या दोघांची डोकी एका वस्तूवर वाकलेली मला दिसली.

मिस ऑल्डरसननी चाप हातात घेतली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांचं लाडकं मांजर कुणी भादरून आणून दिलंय.

“मिसेस टाँक्स, हिच्यावरचे ठोके कुठं गेले?”

“काढले सगळे, मिस. त्याचे वेगळे पैसे नकोत.”

“ते मी मारले होते. महिनाभर.”

“का?” थर्झानं विचारलं. तिला खरोखरच कळेना.

मिस ऑल्डरसन चॅपलच्या बाकावर बसल्या आणि हसू लागल्या, हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग म्हणाल्या, मंगळवारी मागच्या दालनात आमचा वर्ग असतो, तिथे या, का ते दाखवते. माझी खात्री होती की थर्झा जाणार नाही. ती गेली. का मारले ते कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही, म्हणाली.

पहिल्या मंगळवारी तिच्यापुढे चांदीचा पत्रा, कागद आणि पेन्सिल ठेवली. वर्ग संपेपर्यंत तिनं कशालाच हात लावला नाही. घरी येऊन धुण्याच्या खोलीत माझ्याशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “लेटी, मला सगळं येतं गं. सुरुवात येत नाही.”

आजवर तार तिच्या हातात कुणीतरी दिली होती. किती जाड, किती लांब, कशासाठी, हे दुसऱ्यानं ठरवलेलं. मिस ऑल्डरसननी तिला सुरुवात शिकवली, हे मी त्या बाईचं ऋण मानते. त्यांनी तिला पानं काढायला लावली, चहाची किटली काढायला लावली, आमच्या आईचं नाकसुद्धा काढायला लावलं. आईनं तो कागद चुलीत घातला. आणि हळूहळू थर्झाला पोचाही कळला. हात फिरला ती वाट पुसायची नाही, एवढंच त्यात होतं. आपल्याला पुसायलाच शिकवलं होतं, ती म्हणाली.

काय घडवायचं ते मात्र वर्गात सुचलं नाही. ते सुचलं आमच्या टेबलावर. कालव्यापलीकडे रूबेनचा बागेचा तुकडा आहे, तिथल्या मोठ्या घेवड्याच्या शेंगा त्यानं टोपलीभर आणल्या होत्या आणि आम्ही तिघी सोलत होतो. थर्झानं एक शेंग उघडली आणि तशीच धरून बसली. आत पांढरी मऊ लव असते, आणि तिच्यात एकेक दाणा निजवल्यासारखा. आईनं तिला दोनदा हाक मारली. बेकन तव्यावर आहे बाई, शेंग बघायची नसते, सोलायची असते, असं म्हणाली. थर्झानं ती शेंग खिशात घातली.

त्या हिवाळ्यात ती शेंग चांदीची झाली. बाहेरून हिरवी मीनाकारी, आत तारांच्या कुंचल्यानं घासून आणलेला लवेसारखा पांढरेपणा, आणि दाण्यांच्या जागी चंद्रकांत खडे. पैलू न पाडलेले, गुळगुळीत, फिकट दुधाळ. पहिली मीनाकारी भट्टीत तडकली, दुसरी काळपट झाली, तिसरी मनासारखी उतरली. शेंगेतलं एक घर तिनं रिकामं ठेवलं होतं. शेंगेत असतंच एखादं तसं. आईनं ते पाहिलं, आणि काही बोलण्यासाठी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आईच्या खात्यावर हे पुण्य मांडून ठेवायला हवं. नंतर तिनं एवढंच विचारलं, की जे आपण बेकनबरोबर खातो ते गळ्यात कोण घालणार.

साखळी मात्र थर्झानं घरीच केली, त्याच टेबलावर. आधी यंत्राच्या उघड्या कड्या मिटवून व्हायच्या, मग स्वतःच्या कड्या निघायच्या. तारही तिनं स्वतः ओढली. रूबेन समोर पेपर वाचत बसायचा. ज्यांनी जन्मात स्वतःची किटली भरली नाही ते माझ्या बायकोला धातुकाम शिकवतात, एवढं तो पेपरामागून बोलायचा. साखळीकडे त्यानं मान वर करून पाहिलं नाही.

वसंतात मंडळाचं प्रदर्शन होतं, टाउन हॉलपलीकडच्या दालनात. तिथला एक नियम आमच्या भागात सगळ्यांना नवलाचा वाटे. प्रत्येक वस्तूशेजारी एक चिठ्ठी असायची आणि तिच्यावर दोन ओळी. कल्पना कुणाची, आणि घडवली कुणी. आमच्याकडे दागिन्यावर कारखान्याची खूण असे, बस. इतकी वर्षं थर्झानं केलेल्या साखळ्या कुणाकुणाच्या गळ्यात होत्या, आणि एकीवरही तिचं नाव नव्हतं. आम्ही दोघी मिळून चादर पिळत होतो तेव्हा ती मला म्हणाली, “दोन्ही ओळींत मी असेन, लेटी.” मग लाजून चादर इतकी पिळली की टाका उसवला. तिला दुसरं काही नको होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मिस ऑल्डरसन स्वतः आमच्या घरी आल्या, शेंग आणि साखळी ठेवलेली पेटी घेऊन. आईनं खुर्ची पुसली आणि मग त्या बसल्यावर पुन्हा खुर्चीची पाठ पुसल्यासारखं केलं. मिस ऑल्डरसननी चहा घेतला नाही, त्यावरूनच बातमी बरी नाही हे कळलं. निवड करणाऱ्यांना शेंग फार आवडली होती. साखळी त्यांनी नाकारली होती. विकतची काहीही वस्तू चालणार नाही असा नियम होता, आणि साखळी उघडउघड कारखान्यातली आहे असं त्यांचं मत पडलं. कडीत कडी इतकी सारखी हातानं होत नाही, म्हणाले. साखळी होताना तुम्ही पाहिली आहे का, असं त्यांनी मिस ऑल्डरसनना विचारलं, आणि त्या खोटं बोलू शकल्या नाहीत. घरच्यांची साक्ष कोण धरणार?

थर्झा ऐकत होती. मिस ऑल्डरसननी दोन उपाय आणले होते. साखळीऐवजी रेशमी फीत लावायची, हा एक. दुसरा सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. साखळीवर हलक्या हातानं चार ठोके मारायचे. म्हणजे हातचं काम दिसेल.

“म्हणजे मी केलंय असं दिसावं म्हणून मीच केलेलं मी बिघडवायचं?”

मिस ऑल्डरसन लाल झाल्या. हे सांगायची मला लाज वाटतेय, पण दिवस उरले नाहीत, म्हणाल्या.

“वाकडंच करायचं होतं तर शिकले कशाला, मिस? साखळीसकट ठेवायची असेल तर ठेवा. नाहीतर पेटी इथेच राहू द्या.”

पेटी राहिली. मिस ऑल्डरसन गेल्यावर थर्झानं चहाचे कप विसळले, आणि विसळलेलेच पुन्हा विसळले.

रूबेन घरी आला. त्यानं कोट काढायच्या आत आईनं सगळं सांगून टाकलं. तो आधी नीट ऐकत होता आणि मग हसायला लागला. खुर्चीच्या पाठीला धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अख्ख्या आयुष्यात त्याच्या यंत्राला कुणी एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती. हातची साखळी यंत्राची वाटते, म्हणजे यंत्राची हातची वाटणार, मी गावभर हेच सांगत नव्हतो का, म्हणाला. थर्झा पाव छातीशी धरून त्याचे काप काढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“तू जिंकलास, रूबेन. जेवायला बस.”

त्याचं हसू लगेच थांबलं नाही, पण हळूहळू त्यात तो एकटाच उरला. खुर्चीत बसला. ताटात मटार आणि फॅगॉट, म्हणजे मांसाचे गरम गोळे, होते, आणि ते गार होताना मी पाहिले. कारण त्यानं काटा उचलायच्या ऐवजी पेटी ओढली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि साखळी दिव्याखाली धरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मग भिंग काढून ठेवलं, डोळे मिटले आणि साखळी अंगठ्याच्या नखाखालून ओढू लागला. रीत त्याला माहीत होती, तिनंच त्याला सांगितली होती, कालव्याच्या काठी. टोकाला पोचला. साखळी उलटी करून दुसऱ्या टोकापासून पुन्हा ओढली. आई त्याला म्हणाली की जेवण काय डोळे मिटून खाणार आहेस का. त्यानं साखळी पेटीत ठेवली, सावकाश, अंडं ठेवावं तशी, आणि गार जेवण संपवलं.

उठताना म्हणाला, “आई, शनिवारसाठी माझी रविवारची कॉलर काढून ठेव.”

“कोण मेलं?”

“कुणी नाही.”

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. दुपारी त्यानं कॉलर घातली, पेटी काखेत मारली आणि आम्हा दोघींना चला म्हणाला. कुठं ते विचारल्यावर म्हणाला, त्या निवड करणाऱ्या साहेबांना भेटायला. थर्झाची समजूत झाली की हा तिथे आपल्या यंत्राची फुशारकी मारायला निघालाय. मलाही तसंच वाटलं, कारण खिशातून त्याच्या कारखान्याच्या साखळीचं टोक लोंबत होतं. थर्झा सगळ्या वाटेनं आमच्या पुढे चालली, टोपी न सावरता, एकदाही मागे न बघता. मी मध्ये. मला दोघांनाही छत्रीनं मारावंसं वाटत होतं.

दालनात खोकी, गवत, शिडीवर चढलेल्या बायका. निवड मंडळाचे प्रमुख मिस्टर क्लॅव्हरिंग उंच, दाढीवाले गृहस्थ होते. मी त्यांचा राग करायचं ठरवूनच गेले होते, पण त्यांच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते, म्हणजे स्वतः काम करणारे, त्यामुळे तो राग काही नीट जमला नाही. ते उठून उभे राहिले. मिसेस टाँक्सच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणालाच शंका नाही, नियम समजण्यात काही गोंधळ झाला असेल, असं फार हळुवार बोलू लागले. रूबेननं टोपी काढली.

“साहेब, साखळीचं यंत्र मी चालवतो. आमची साखळी हातच्या साखळीपासून कुणालाही ओळखता येणार नाही, असं मी सगळ्या हॉक्लीला सांगत आलोय. ते मागं घ्यायला आलोय.”

थर्झा खोक्यांकडे बघत उभी होती, ती वळली.

रूबेननं दोन्ही साखळ्या टेबलावर ठेवल्या. दिसायला एकीपेक्षा दुसरी वेगळी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. त्यानं साहेबांना डोळे मिटून एकेक साखळी अंगठ्याच्या नखाखालून ओढायला सांगितली. मिस्टर क्लॅव्हरिंगनी मिस ऑल्डरसनकडे पाहिलं, आणि मग लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटले. पहिली साखळी ओढताना टिक टिक टिक असा बारीक आवाज मला येत होता. दर कडीला नख अडत होतं. दुसरी ओढली. काही नाही. त्यांनी अर्ध्यावर एक डोळा उघडून हातात कुठली आहे ते पाहिलं, पुन्हा मिटला, आणि शेवटपर्यंत ओढली.

“तो सांधा लपवायला मी यंत्राला कधीपासून शिकवतोय,” रूबेन म्हणाला. “त्याला येत नाही. हिला येतं.”

असं म्हणून त्यानं टोपी डोक्यावर घातली, दालनात आहोत हे लक्षात आल्यावर परत काढली. बायकोकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही. तिनं मात्र त्याच्याकडे पाहिलं, आणि मी छतावरची नक्षी बघायला लागले, कारण काही गोष्टी नणंदेनं बघायच्या नसतात.

मिस्टर क्लॅव्हरिंग साखळी सोडायला तयार नव्हते. त्यांनी ती मिस ऑल्डरसनना ओढायला लावली, शिडीवरच्या बाईला खाली बोलावून तिला ओढायला लावली. मी इतके दिवस हात पोच्यातच शोधत होतो, असं पुटपुटले. मग त्यांनी थर्झाला विचारलं, आणि त्यात संशय नव्हता, की इतकी सारखी होते तरी कशी?

“मला शिकवणारी बाई फार कडक होती, साहेब.”

ते मोठ्यानं हसले. फीत आधीच आणून ठेवली होती, ती त्यांनी गुंडाळून खणात टाकली. त्या बाईंचं नाव काय, आहेत का त्या अजून, असतील तर त्यांना घेऊन या, म्हणाले. परतताना थर्झा आमच्या पुढे चालली नाही. तिनं रूबेनच्या दंडात हात घातला होता, आणि मी मागून छत्री हलवत येत होते, कुणालाही न मारता.

उद्घाटनाला मिसेस हिपकिस आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्यावर काळं बॉनेट, लेकीच्या हाताला धरून. आणि त्यांच्या मागोमाग सगळा बाक. पिनांच्या कारखान्यातल्या, निबांच्या कारखान्यातल्या, टोप्यांवर लाखेची चेरीची फळं खोचून. मखमलीतल्या बायकांना त्यांनी वाट करून द्यायला लावली. मंडळाचे पातळ सँडविच उचलून उजेडात धरून पाहिले, पलीकडचं दिसतं का म्हणून. मग सगळ्या एका काचेच्या पेटीपाशी येऊन थांबल्या.

चिठ्ठी मी वाचून दाखवली. शेंगेचं पदक आणि साखळी. कल्पना, थर्झा टाँक्स. घडण, थर्झा टाँक्स. त्या म्हणाल्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. कुणीतरी विचारलं, साखळी असं खरंच लिहिलंय की तू तुझ्या मनानं घालतेस? लिहिलंय म्हटलं, हे बघा, हे अक्षर, हे अक्षर. मागून थर्झा म्हणाली, आणखी एकदा वाच ना, लेटी.

मिसेस हिपकिसना चिठ्ठीशी काही घेणं नव्हतं. त्या काचेवर तळवा टेकून उभ्या होत्या, आत काय आहे ते त्यांना धुरकटसुद्धा दिसत नव्हतं. मिस ऑल्डरसननी ते पाहिलं. कमरेची किल्ली काढून त्यांनी पेटी उघडली आणि साखळी स्वतःच्या हातानं त्या म्हाताऱ्या तळव्यात ठेवली.

मिसेस हिपकिसनी डोळे मिटले. मिटायची गरज नव्हती, पण रीत ती रीत. नख लागलं आणि साखळी सरकू लागली. रूबेन माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचा अंगठाही त्याच्याच बोटावरून सरकत होता. साखळी संपली. म्हातारीनं शेंगेवरून एकदा बोट फिरवलं, रिकाम्या घरावर जरा थांबवलं, मग मान वर केली.

“सांधा कुठंय गं?”

थर्झाचे गाल भरून आले. मला वाटलं आता ही रडणार. पण तिनं नाकानं एक लांब श्वास घेतला.

“शोधा,” ती म्हणाली.

ठोकायला चिमटे नव्हते. म्हणून बायकांनी चहाचे चमचे उचलले आणि बशांवर ठोकायला सुरुवात केली. रूबेनकडे बशी नव्हती, त्यानं बोटांची पेरं पेटीच्या लाकडावर ठोकली. मिस्टर क्लॅव्हरिंग गर्दीतून घाईघाईनं आले, आम्हाला वाटलं थांबवायला, आणि काय चाललंय ते मिस ऑल्डरसननी कानात सांगितल्यावर त्यांनीही टेबलावर मूठ आपटायला सुरुवात केली. मखमलीतल्या बायका वळून बघत होत्या. थर्झा गाल फुगवून हसत मध्ये उभी होती.

बशा मंडळाच्या होत्या. एक फुटली, आणि तिचे तुकडे रूबेननं स्वतः वाकून गोळा केले.